दोनशे झूझ आणि पत्रातली एक ओळ

प्रश्न : मी २८ वर्षांची, ठाण्यात वाढलेली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली मुलगी. सहा वर्षं बँकेत नोकरी करते. येत्या डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. मुलगा आपल्यातलाच. त्याचे आजी-आजोबा पेणहून इस्राएलला गेले, तो जन्मला अश्दोदला. दीड वर्षाची ओळख आहे, मला तो मनापासून आवडतो. अडलंय ते विधींवर. आजीला सिनेगॉगमध्ये रीतसर लग्न हवंय : मलिदा, मेंदी, केतुबा (लग्नाचा करारनामा), सगळं. केतुबेचा मसुदा मी पाहिला. त्यात मुलीची किंमत दोनशे झूझ (जुनी चांदीची नाणी) लिहिली आहे! मी स्वतः कमावते, मला असा भाव लावून घ्यायचा नाही. बोलणार तोही फक्त नवरदेव, मी गप्प उभी. आणि शेवटी काच फोडायची, म्हणजे शुभकार्यात अपशकुन. मला वाटतं, रजिस्टर लग्न करावं आणि सगळ्यांना जेवण द्यावं. तो म्हणतो, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, होऊन जाऊ दे, म्हातारी माणसं खूश होतील." लग्नानंतर नोकरी सोडून मी तिकडे जाईन. पहिलं वर्षभर त्याचं काम एलात शहरात असेल, तेव्हा मी अश्दोदला सासूबाईंजवळ राहीन, त्याचं काही नाही. पण हे लग्न मी कसं करू? आजीचं मन मोडू की स्वतःचं?

उत्तर :

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इथे जागेअभावी ते आखडून छापलंय. मूळ पत्रात दोनशे झूझांवर तू दीड पान लिहिलं होतंस आणि एलातवर एक ओळ. तीही "त्याचं काही नाही" म्हणून मिटवलेली. त्या ओळीकडे मी येणार आहे, पण आधी केतुबेबद्दल बोलू या, कारण तुझा राग तिच्यावर आहे आणि त्या रागाला थोडंफार कारणही आहे.

माझं लहानपण अलिबागच्या इस्राएल आळीत गेलं. आईची केतुबा पत्र्याच्या ट्रंकेत, शालूच्या घडीखाली असायची. दिवाणखान्यात लावायची वस्तू नव्हे ती, जपून ठेवायची. ती बाहेर काढली की आई हात पुसून मगच घडी उलगडायची. पण तिच्यात काय लिहिलंय हे आईला माहीत नव्हतं आणि मलाही, माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा. अर्थ समजला तो लग्नानंतर अकरा वर्षांनी. आधी समजला असता तर त्या अकरातली निदान दोन-तीन वर्षं मी वेगळी जगले असते, असं मला आजही वाटतं.

तर, दोनशे झूझ. ही मुलीची किंमत आहे असं तू धरून चालली आहेस. किंमत असती तर ती तुझ्या वडिलांच्या हातात पडली असती. केतुबेतली रक्कम वडिलांना मिळत नाही आणि लग्नाच्या दिवशी ती कोणी मोजूनही देत नाही. ते नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज आहे, तुझं येणं. नवरा तुला सोडेल किंवा तुझ्याआधी जाईल, तेव्हा त्याने, नाहीतर त्याच्या मालमत्तेतून, ते फेडायचं. दोनशेच का, याचा अंदाज मिश्नातल्या, म्हणजे आपल्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या, एका वेगळ्याच नियमावरून येतो. शेतात गरिबांसाठी राखलेलं धान्य कोणी घेऊ नये? तर ज्याच्याकडे दोनशे झूझ आहेत त्याने. म्हणजे ज्याच्यापाशी ही रक्कम आहे तो याचक नाही. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या बाईला दुसऱ्याच्या शेतात कणसं वेचत फिरावं लागू नये, इतकं तरी तिच्या नावावर असावं, हा त्या आकड्याचा अर्थ.

तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, याची एक हकिकत आहे. पूर्वी ही रक्कम आधीच बाजूला काढून वधूच्या वडिलांच्या घरी ठेवत. मग नवरा रागावला की त्याचं काम सोपं : "जा, तुझी केतुबा तिकडे आहे, जा तिच्याकडे." इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह या धर्मशास्त्र्याने हे बदललं. नवऱ्याची सगळी मालमत्ताच केतुबेला तारण राहील, असं त्याने ठरवलं. आजच्या मसुद्यातही ते आहे, तू बघ : माझ्या सगळ्या मिळकतीतून, अगदी माझ्या खांद्यावरच्या वस्त्रातूनसुद्धा हे देणं वसूल व्हावं. बायकोला सोडणं पुरुषाला सहज वाटू नये, हा हेतू धर्मशास्त्र्यांनी उघड सांगून ठेवलाय.

आणखी एक वाक्य शोध. नवरदेव म्हणतो : मी तुझ्यासाठी काम करीन, तुझा मान ठेवीन, तुला अन्न देईन, तुझा सांभाळ करीन. त्यात 'मान ठेवीन' हे 'अन्न देईन'च्या आधी येतं. साक्षीदार दोन असतात आणि कागद दिला जातो वधूच्या हातात. हरवला तर दुसरा करून घ्यावा लागतो, कारण केतुबेशिवाय नवराबायकोने एकत्र राहू नये असा दंडक आहे. तुझी सही तो मागत नाही, कारण तू काही कबूल करतच नाहीस. देणेकरी तो आहे.

हे सगळं सांगितलं तरी मी तुला गप्प बसवत नाहीये. पहिल्या लग्नाच्या मुलीला दोनशे आणि विधवेला शंभर, या फरकामागची कल्पना मला पटत नाही, तुलाही पटायची गरज नाही. हुप्प्याखाली, म्हणजे लग्नाच्या छत्राखाली, "या अंगठीने, मोशे आणि इस्राएलच्या धर्माप्रमाणे, तू मला वाग्दत्त झालीस" हे एकटा नवरदेव म्हणतो, हेही खरं. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट तुझ्या पत्रात आलेलीच नाही : धर्माप्रमाणे सुटका व्हायला गेट, म्हणजे सोडचिठ्ठीचा कागद, नवऱ्याने स्वतःच्या इच्छेने द्यावा लागतो. त्याने तो अडवून धरला तर बाई वर्षानुवर्षं लटकत राहते. ना संसार, ना मोकळीक. अशा बायकांना अगुना म्हणतात, साखळलेली. मी अशी एक बाई जवळून पाहिली आहे, म्हणून हे आडून सांगत नाही.

इथे तुझं दुसरं गृहीतक येतं : रजिस्टर लग्न केलं की या सगळ्यातून सुटका. इथे विशेष विवाह कायद्याखाली तुम्हाला लग्न करता येईल, ३० दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार आणायचे, झालं. पण तू राहणार आहेस इस्राएलमध्ये. तिथे मुलकी विवाहाची सोय नाही. बाहेर केलेल्या मुलकी लग्नाची नोंद होते, त्यासाठी जोडपी सायप्रसला जातात. मात्र १९५३च्या कायद्याप्रमाणे ज्यू नवराबायकोच्या घटस्फोटाचा अधिकार रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, न्यायालयाकडे आहे. म्हणजे केतुबा टाळलीस तरी ते न्यायालय टळत नाही. हातचा कागद तेवढा जातो.

त्याऐवजी कागद वाढव. ऑर्थोडॉक्स रब्बींनीच अमेरिकेत आणि इस्राएलमध्येही लग्नाआधीच्या कराराचे मसुदे केले आहेत : वेगळं व्हायची वेळ आली आणि एकाने गेट अडवलं, तर त्याने दुसऱ्याला ठरलेली रक्कम देत राहायची. असा करार डिसेंबरच्या आत, तिथल्या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाकडून करून घे. होणाऱ्या नवऱ्याला हे सांगताना जीभ अडखळेल. "आत्ताच कशाला अशुभ बोलायचं?" असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. त्यांना सांग, केतुबेत दुसरं काय आहे? आपल्या पूर्वजांनी भर मांडवात, सनईच्या सुरात, फारकतीचा आणि मरणाचा हिशेब मोठ्याने वाचला, आणि मगच आशीर्वाद म्हटले.

काचेचंही तसंच आहे. आपल्या अवतीभवतीच्या मराठी घरांत काच फुटणं अपशकुन, म्हणून तुला तसं वाटतं. आपली परंपरा ते तसं वाचत नाही. जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पडलं, ऐन आनंदातही त्याचा विसर पडू नये म्हणून ती काच. नवराबायकोपुरतं बोलायचं तर, आपल्या सुखाच्या दिवशीही जगात काही मोडलेलं आहे हे दोघांनी एकत्र कबूल करायचं. याहून जास्त मी त्यावर बोलणार नाही.

आता आजी. ती हट्टी आहे असं तू लिहितेस. तिचं वय तू ८१ लिहिलं आहेस, म्हणजे १९६२ साली ती ऐन लग्नाच्या वयात येत होती. त्या वर्षी इस्राएलच्या मुख्य रब्बींनी आदेश काढला, की बेने इस्राएल माणसाचं लग्न लावायच्या आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवत, शनिवारी ते बंद ठेवून, 'शनवार तेली' हे नाव घेऊन जे ज्यूपण सांभाळलं, त्यावर एका कागदाने प्रश्नचिन्ह लावलं. लग्नं अडली. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग आदेशातून आपलं नाव निघालं. आजीच्या पिढीला हे बातमी म्हणून कळलं नाही. कोणाचा भाऊ, कोणाची बहीण, कोणाचं ठरलेलं लग्न त्यात होतं. अजूनही तिकडे लग्न लावताना आपण ज्यू असल्याचा पुरावा म्हणून आईवडिलांची केतुबा पुढे ठेवावी लागते. तुझी केतुबा तुझ्या मुलीला लागेल. आजीच्या मनात हेच असेल असं मी ठामपणे सांगू शकत नाही. तिला विचार. "हे का हवंय?" असं नको. "तेव्हा काय झालं होतं?" असं विचार.

मलिदा आणि मेंदीविषयी तुझी काहीच तक्रार नव्हती, पण त्यांचं एक सांगायला मला आवडेल. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, असं ताट मांडून एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेताना आपण कोणाकडे काही मागत नाही. आतापर्यंत पोचलो, एवढ्याचे आभार मानतो. अश्दोदलाही आपली माणसं मलिदा करतात. तुझ्या सासूबाईंशी तुझी पहिली खरी ओळख हिब्रूतून होणार नाही, नारळ खवताना होईल. आणि मेंदीच्या रात्री नवरदेवाच्या उजव्या तर्जनीला मेंदी लावतात. ज्या बोटात दुसऱ्या दिवशी तो तुला अंगठी घालणार, तुझंही तेच बोट, उजव्या हाताची तर्जनी. घरच्या सगळ्यांना बोलता येतं अशी ती रात्र आहे. तुला हुप्प्याखाली शब्द नाहीत ना? मग त्या रात्री बोल. त्याला तू काय देणार आहेस, त्याच्याकडून काय हवंय, चार वाक्यं मराठीत, सगळ्यांसमोर. यात धर्म कुठे आडवा येत नाही.

मूळ विधीचे शब्द बदलायचा आग्रह मात्र धरू नकोस. त्यात हजानांची (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांची) आणि तुझी दोघांची शक्ती वाया जाईल. पण त्यांना दोन गोष्टी विचार. केतुबा मोठ्याने वाचतील तेव्हा तिचा मराठी अर्थही वाचता येईल का? ती अरामीत आहे ती कोणाला कळू नये म्हणून नव्हे. त्या काळी लोक अरामी बोलत होते, वधूला आणि साक्षीदारांना समजावी म्हणून ती अरामीत आली. आपली भाषा मराठी. १८४६ साली मुंबईत हगादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली, तेव्हा पवित्र मजकुराशेजारी मराठी वाचणं आपल्याला नवं नाही. आणि दुसरं, लग्न लागल्यावर दहा मिनिटं तुम्हा दोघांना एका खोलीत एकटं सोडता येईल का? अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यूंच्या, लग्नांत ही रीत आहे, यिहूद म्हणतात. बाहेर फोटो काढणारा ताटकळत राहो. लग्नाच्या दिवशी उपास धरलात तर पहिला घासही तिथेच खा.

आता ती ओळ.

तोराहमध्ये, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथात, अन्न आणि वस्त्र यांच्या बरोबरीने तिसरी गोष्ट सांगितली आहे, जी नवऱ्याने बायकोची कमी करायची नाही : ओना, म्हणजे तिचा सहवासाचा हक्क. हक्क तिचा, कर्तव्य त्याचं. आणि मिश्ना इथे थांबत नाही, धंद्याप्रमाणे हिशेब मांडते. मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्याने आठवड्यातून एकदा, उंट हाकणाऱ्याने महिन्यातून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. पुढे तालमूदमध्ये प्रश्न येतो : गाढवं हाकणाऱ्याला उंटाच्या तांड्याबरोबर जायचं असेल तर? कमाई जास्त, पण घरापासून लांब. तर उत्तर असं, की बायकोला विचारल्याशिवाय नाही. कारण बाईला दहा मापं धान्य आणि दूर नवरा यापेक्षा एक माप आणि जवळ नवरा बरा वाटतो.

एलात देशाच्या पार दक्षिण टोकाला आहे, अश्दोदहून गाडीने साधारण चार तास. तुझा होणारा नवरा उंटाच्या तांड्याबरोबर निघालाय. त्याने तुला विचारलं का? की "असं असं आहे" असं कळवलं? आणि तू "त्याचं काही नाही" म्हणालीस ती खरंच विचार करून, की अजून लग्नच व्हायचंय, आत्ताच कुठे तक्रार करायची म्हणून?

तोराहमधलाच आणखी एक नियम आहे. नव्याने लग्न झालेल्या पुरुषाने वर्षभर सैन्यात जायचं नाही, त्याच्यावर कसलंही काम लादायचं नाही. त्याने घरी मोकळं राहावं आणि जिच्याशी लग्न केलं तिला आनंद द्यावा. युद्धसुद्धा थांबेल, पण पहिलं वर्ष बायकोचं. भाषा येत नाही, नोकरी सोडलेली, मैत्रिणी ठाण्यात, आणि नवरा एलातला, असं तुझं पहिलं वर्ष जाणार आहे. सासूबाई कितीही चांगल्या असोत, तू लग्न त्यांच्याशी करत नाहीयेस. दोनशे झूझांनी तुझा अपमान होतो की नाही यावर तू रात्री जागवल्यास, आणि जिथे तुला खरोखर कमी पडणार आहे ती गोष्ट मुकाट्याने मान्य करून टाकलीस. त्या ओळीने मला तुझी काळजी वाटली.

मार्ग दोन-तीन आहेत. तुम्ही दोघं एलातला भाड्याने राहू शकता. महाग पडेल, पण मापं कमी आणि नवरा जवळ. किंवा लग्न डिसेंबरमध्ये करून तू नोकरी चालू ठेव, जमलं तर बिनपगारी रजा घे, आणि त्याचं एलातचं काम संपल्यावर कायमची जा. जुन्या काळी वाङ्‌निश्चय आणि प्रत्यक्ष नांदायला जाणं यांत तयारीसाठी बारा महिने ठेवायचे, ते दोन विधी नंतर एकाच दिवशी आले. तेव्हा वाट पाहणं आपल्या रीतीबाहेरचं नाही. किंवा अश्दोदलाच राहायचं, पण मग हे आत्ता ठरवून : तो दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, घरी येईल, हिब्रूच्या वर्गाचा खर्च घरातून होईल, तुझ्या नावावर दरमहा काही रक्कम पडेल, आणि सहा महिन्यांनी तुला जमत नसेल तर काय करायचं. मला पहिला मार्ग बरा वाटतो. पण तुमच्या पैशांची गणितं मला माहीत नाहीत, निर्णय तुमचा.

हे बोलणं फोनवर घाईत करू नका. एक संध्याकाळ ठरवा, व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसा, केतुबेचा मसुदा दोघांच्या हातात असू दे. एकेक वाक्य वाचायचं आणि प्रत्येक वाक्याला "आपल्या घरी हे कसं?" एवढंच विचारायचं. 'काम करीन' : कोण, कुठे? 'मान ठेवीन' : तुझ्या आईसमोर माझी बाजू कशी घेशील? 'अन्न देईन' : पैसे कोणाच्या खात्यात? ओना : एलातहून कधी येशील? त्यातच गेटच्या कराराचा विषय काढ. तो "एका दिवसाचा प्रश्न आहे" म्हणाला ते वाईट मनाने नसेल, केतुबा त्यानेही वाचलेली नसेल. "तुझी बायको बुटकी असेल तर वाक आणि तिच्या कानाशी बोल," असं तालमूद नवऱ्यांना सांगतं. तो वाकतो का, हे त्या संध्याकाळी तुला दिसेल. नाही वाकला, तर डिसेंबरची तारीख पुढे ढकलायला घाबरू नकोस, हॉलचे पैसे बुडले तरी.

हे पत्र वाचणाऱ्या इतर मुलींनाही, मग त्या सप्तपदी चालणार असोत की निकाहनाम्यावर सही करणार, माझं हेच सांगणं आहे. भटजींकडून, काझींकडून, पाद्र्यांकडून तो मजकूर महिनाभर आधी मागून घ्या, आपल्या भाषेत समजून घ्या आणि होणाऱ्या नवऱ्याबरोबर वाचा. निकाहनाम्यात तर अटी लिहायला जागाच असते, कित्येक घरांत ती कोरी राहते.

आणि हो, आपल्याकडे नवरी सिनेगॉगमध्ये पाऊल टाकते तेव्हा नवरदेव उभा राहून 'योनाति झीव यिफातेख' गातो. माझ्या कबुतरा, तुझ्या रूपाचं तेज, असं तिला म्हणतो. अख्ख्या सभेसमोर, एकट्याने. तुमच्या लग्नात ते त्यानेच गायचं, रेकॉर्ड लावायची नाही. चाल त्याला येत नसेल तर तुझ्या आजीला नक्की येत असेल. त्याला आजच आजीला फोन करायला सांग.